बदके पडत नाहीत

गेल्या वर्षी मूलचे घर रिकामे करताना माळ्यावर एक व्हिडिओ गेम सापडला. खोक्यात यंत्र, दोन रिमोट, एक कॅसेट, प्लास्टिकची बंदूक आणि शंभर पानी वही. वहीत बाबांच्या हस्ताक्षरात चार रकाने आखलेले होते: तारीख, नाव, गुण, शेरा. पहिली नोंद नोव्हेंबर २००५ ची. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी दोनच शब्द आहेत: 'लाईन गेली'.

या वहीचे प्रयोजन सांगायला हवे. आमच्या कॅसेटमध्ये गुण साठवण्याची सोय नव्हती. वीज गेली की सारे पुसले जाई, आणि ती वर्षे भारनियमनाची होती. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातली वीज राज्यभर जात असे आणि त्याच जिल्ह्यात आम्ही मेणबत्तीच्या उजेडात गुण लिहून ठेवत असू. बाबा एरवी खेळात रमणारे गृहस्थ नव्हते. पण 'डक हंट' नावाच्या खेळात पडद्यावर बदके उडू लागली की ते खुर्ची ओढून बसत, एक डोळा मिटत आणि बंदूक रोखत. त्यांच्या आयुष्यातला मला माहीत असलेला हा एकमेव निरुद्योग. ते गेल्यानंतर तोच एकदा पुन्हा पाहावा, असे वाटले.

यंत्र चालू झाले, याचे आश्चर्य वाटले. जपानमध्ये १९८३ साली निन्टेंडोने 'फॅमिकॉम' हे यंत्र आणले. आमच्याकडच्या बाजारात आले ते त्याच्या नकला होऊन. नकलांना एक सक्ती होती: मूळ यंत्राची साठ पिनांची कॅसेट त्यांच्यात बसलीच पाहिजे. त्यामुळे कुठल्याही नावाचे यंत्र घेतले तरी शेजारच्या मुलाची कॅसेट त्यात चाले. नकलेच्या या धंद्याने, कुणाचाही तसा हेतू नसताना, कित्येक वर्षे जुने खेळ जिवंत ठेवले.

तर यंत्र चालले, कॅसेट चालली, नव्या सपाट टीव्हीवर चित्रही आले. बदके उडाली. मी नेम धरून चाप ओढला. पडदा क्षणभर लुकलुकला आणि बदक उडून गेले. दुसरे, तिसरे, दहावे. एकही पडेना.

कारण नंतर वाचले. चाप ओढताच पडदा निमिषभर काळा होतो आणि बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश टिपणारा एक घटक असतो. त्याला तो चौकोन दिसला तर नेम लागला. हे सगळे सेकंदाच्या लहानशा अंशात घडावे लागते. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर ते घडे. नवा टीव्ही चित्र आधी स्वतःशी घोळवतो आणि मग दाखवतो. तोवर बंदुकीची वेळ टळून गेलेली असते. नेम बरोबर, बंदूक बरोबर, बदकही बरोबर. मधले माध्यम तेवढे बदललेले.

दिवाळीत ताईचा मुलगा आला. त्याच्याकडे प्लेस्टेशन ५ आहे आणि त्यावर प्लेस्टेशन ४ चे बहुतेक सारे खेळ चालतात. त्याला 'बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी' हा शब्द ठाऊक होता. मला त्याच्याकडून शिकावा लागला. नव्या यंत्राने जुन्याचे ऐकून घेणे, असा त्याचा मी लावलेला अर्थ. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर ठेवलेला होता. नवा खेळ चालू असताना तो बटणे आणि मेमरी कार्ड सांभाळण्याची किरकोळ कामे करी. जुनी डिस्क घातली की मूळ भूमिकेत शिरे. घरातल्या निवृत्त माणसाची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था. २००६ च्या प्लेस्टेशन ३ नेही आरंभी प्लेस्टेशन २ च्या चिपा पोटात बाळगल्या होत्या. पुढे खर्च कमी करताना त्या काढल्या गेल्या. जुने आत ठेवायला जागा लागते, पैसा लागतो. त्यापेक्षा जुना खेळ नव्याने सजवून पुन्हा विकणे अधिक फायद्याचे असते.

भाच्याने दोन मिनिटांत मोबाइलवर तसलाच खेळ शोधला. "मामा, हे बघ, इथे पडतात." बोट लावले की बदक पडत होते. चित्र तेच, आवाज तोच. पण त्यात नेम नव्हता, पडद्यापासूनचे अंतर नव्हते आणि मिटलेला डोळाही नव्हता.

मी गडचिरोलीत मराठी शिकवतो. 'लीळाचरित्र' शिकवताना दरवर्षी एक मागणी येते: सर, आजच्या मराठीत सांगा ना. मी सांगतो, आणि बदक पडते. कथा कळते, परीक्षाही पार पडते. म्हाइंभटाच्या वाक्याचा तुटक वेग, बोलता बोलता मध्येच थांबणारी ती लकब मात्र हाती लागत नाही. ती हवी असेल तर वाचणाऱ्याच्या आत जुन्या मराठीचा एक लहानसा प्रोसेसर बसवावा लागतो. रोज किरकोळ कामे करणारा, वेळ आली की जागा होणारा. वर्गात एक मुलगी आहे, घरी गोंडी बोलणारी. प्रमाण मराठीही तिने शिकूनच घेतलेली आहे. इतरांना तेराव्या शतकातले रूप 'चुकीचे' वाटते. तिला ते आणखी एक शिकण्याजोगे रूप वाटते. ती मूळ पाठ मोठ्याने वाचते, अडखळते, पुन्हा वाचते. सोप्या मराठीची मागणी तिने अद्याप केलेली नाही. तिच्याकडे पाहून वाटते, की ही क्षमता जन्माने मिळत नाही. ती कष्टाने आत बसवावी लागते आणि कंटाळा आला की काढूनही टाकता येते. आपण शिक्षक बहुधा दुसरेच काम करतो, कारण ते स्वस्त पडते.

असो. गावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे काचेचा जुना टीव्ही धूळ खात पडला होता. तो पुसून घरी आणला. पहिल्याच फेरीत भाच्याने सहा बदके पाडली. नकळत त्यानेही एक डोळा मिटला होता. त्याला ते कुणी शिकवले नव्हते. मी वही पुढे केली. बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली त्याने तारीख, नाव आणि गुण लिहिले. शेऱ्याच्या रकान्याशी थांबून त्याने वरच्या साऱ्या नोंदी वाचल्या आणि मग लिहिले: 'लाईन होती'.