शिट्ट्या आणि हुंदके

२६ एप्रिल २०१९ रोजीं 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' भारतांत प्रदर्शित झाला, तेव्हां विद्यार्थ्यांच्या आग्रहास्तव आम्हीही पुण्यांतील एका चित्रपटगृहांत तीन तास बसलों. कॅप्टन अमेरिकेनें थॉरचा हातोडा उचलतांच शिट्ट्यांनीं छत दणाणलें. परंतु विश्व वांचवून आयर्न मॅन मरण पावला व त्याची चिमुकली मुलगी मागें राहिली, तेव्हां तेंच प्रेक्षागृह स्तब्ध झालें. शेजारचा एक धिप्पाड तरुण तर चक्क हुंदके देऊं लागला.

चित्रकथांतील नायकासाठीं रडणें हा पोरखेळ होय, असें आमचे कांहीं व्यवसायबंधु म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. याच पुण्यांत प्रभात कंपनीनें १९३६ सालीं 'संत तुकाराम' काढिला. त्यांत तुकोबा गरुडविमानांतून वैकुंठास जातात, हा चमत्कार पाहून आपण हात जोडतों. पण गळा दाटून येतो तो मुलाबाळांसाठीं मागें राहणाऱ्या जिजाईला पाहून.

नायक उडतो कसा, हें पोरही विचारतें. तो गेल्यावर घराचें काय, हा प्रश्न ज्यांच्या डोळ्यांत पाणी आणतो, त्यांना वर्गांत शोकांतिका शिकविणें आम्हांस कधींच कठीण वाटलें नाहीं.