पाठ फिरवून उभं राहणं

पासवर्ड टाकायची वेळ आली की मी लॅपटॉप घरच्या माणसाच्या हातात देतो आणि गॅलरीत जाऊन उभा राहतो. माझ्या हाताखाली नव्याने आलेल्या पोरांना याचं नवल वाटतं. सगळं आपण करायचं आणि शेवटच्या दोन मिनिटांना बाहेर का जायचं? सांगली-मिरजेत घरं, दवाखाने, वकील-सीएंची ऑफिसं अशा ठिकाणी मी २००९ पासून वायफाय बसवतोय. पहिली सात वर्षं मीही बाहेर जात नव्हतो.

तेव्हा माझी एक वही होती. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, राऊटरचं मॉडेल, पासवर्ड. पासवर्ड बहुतेक ठिकाणी मोबाइल नंबरच, कारण लोक म्हणायचे, ‘दादा, लक्षात राहील असा टाका.’ एकदा ती वही विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर राहिली. दोन तासांनी धावत गेलो, तर चहावाल्याने ती साखरेच्या डब्याखाली जपून ठेवली होती. घरी येऊन मी ती पहिल्यांदाच परक्याच्या नजरेने चाळली. दोनशेच्या वर घरांत शिरायची सोय एका चाळीस पानी वहीत होती आणि ती मी करून ठेवली होती. किल्ली बनवणाऱ्याने प्रत्येक गिऱ्हाइकाची एक जादा किल्ली स्वतःकडे ठेवली, तर त्याला आपण काय म्हणू? त्या रात्री वही जाळली आणि पुढचे तीन महिने जुन्या गिऱ्हाइकांकडे फुकट फेऱ्या मारून पासवर्ड बदलायला लावले.

मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून का नको, हे मी आता कागदावर आकडे मांडून समजावतो. तुमचा फोन राऊटरला जोडला जातो तेव्हा दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होते. ती हवेतून होते, त्यामुळे खाली रस्त्यावर गाडीत बसलेला माणूसही ती टिपून घेऊ शकतो. मग घरी जाऊन तो एकेक पासवर्ड लावून बघतो. राऊटरला याचा पत्ताही लागत नाही. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे एकूण ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो. पण एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासतं. सव्वा तासाच्या आत सगळे नंबर संपतात. आणि दुकानदाराच्या बाबतीत तेवढीही गरज नाही, नंबर पाटीवरच रंगवलेला असतो. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीने घरी नेऊन तपासायची ही वाट बंद केली. पण ऑफिसातला जुना प्रिंटर त्याला जोडला जात नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या डब्ल्यूपीए२ वरच भागवावं लागतं. तिथे सगळी भिस्त पासवर्डच्या लांबीवर. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार मराठी शब्द, इंग्रजी अक्षरांत, सलग. उदाहरण मी देत नाही, दिलं की लोक तेच टाकतात.

‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. त्यावर मी २००८ सालची गोष्ट सांगतो. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटमध्ये. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाचा स्फोटांशी संबंध नव्हता, त्याचं वायफाय कोणीतरी वापरलं होतं. त्याचे कॉम्प्युटर जप्त झाले, चौकशीला सामोरं जावं लागलं. सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी असाच मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेला. त्या माणसांकडून कोणी काही चोरलं नाही. फक्त त्यांचा पत्ता वापरला.

नेटवर्कचं नाव लपवा, ठरावीक फोनच जोडू द्या, अशा मागण्या येतात. मी त्यात वेळ घालवत नाही. लपवलेलं नाव साध्या मोफत प्रोग्रॅमला दिसतं, आणि फोनची ओळख हवेत उघडीच फिरते, तिची नक्कल कोणीही करतं. त्यातून मिळतं ते खोटं समाधान, आणि मला ते उघड्या दारापेक्षा वाईट वाटतं. पासवर्ड न टाकता फोन जोडायची डब्ल्यूपीएस नावाची सोय मात्र मी न विचारता बंद करतो. तिचा पिन आठ आकडी, पण राऊटर पहिल्या चार आकड्यांचा निकाल वेगळा सांगून टाकतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो. त्यामुळे दहा कोटी प्रयत्नांचं काम ११,००० वर येतं. हे २०११ मध्ये उघड झालं, तरी ती सोय चालू असलेले राऊटर मला आजही सापडतात.

यंत्राचं काम अर्ध्या तासात होतं. अवघड असतं ते आपल्या माणसांचं मन. घरी आलेल्याने वायफाय मागितलं तर नाही म्हणणं आपल्याला जमत नाही, पाणी नाकारल्यासारखं वाटतं. मिरजेच्या एका दवाखान्यात पासवर्डचा कागद काउंटरच्या काचेखाली होता. पेशंटबरोबर आलेली माणसं तासन्‌तास बसतात, त्यांना नेट द्यावं असं डॉक्टरांना वाटे, आणि ते योग्यच होतं. पण त्याच नेटवर्कवर पेशंटचे रिपोर्ट होते आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआरही होता, त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच साठेक ठरलेले पासवर्ड लावून जगभरचे लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते. मी डॉक्टरांना नाही म्हणायला शिकवलं नाही. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढून दिलं, डीव्हीआरचा पासवर्ड बदलायला लावला आणि काचेखाली नवा कागद ठेवला.

गेल्या वर्षी एका निवृत्त शिक्षिकेकडे काम होतं. चार शब्द ठरवायला त्यांना वीस मिनिटं लागली. मी गॅलरीत तुळशीपाशी थांबलो. त्यांनी ते वहीच्या पानावर लिहून कपाटात ठेवले. त्यात गैर काही नाही, रस्त्यावरच्या माणसाला कपाटातला कागद दिसत नाही. दिवाळीत त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. सुट्टीला यायचं होतं, पासवर्ड हवा होता. मी म्हटलं, मला माहीत नाही, आईंना विचारा.

तुमच्या घरचा पासवर्ड अजून राऊटर बसवणाऱ्याने टाकलेलाच असेल, तर तो आज संध्याकाळी बदला. सगळे फोन पुन्हा जोडायला अर्धा तास जाईल, तेवढा काढा.