मीठ अधिक ऑक्सिजन

शनिवारी ताईकडे पौडला गेलो होतो. जेवून मस्त ताणून द्यायचा प्लॅन होता, पण भाची वही घेऊन आली. दहावी. रासायनिक समीकरणं संतुलित करा.

"मामा, तू इंजिनिअर आहेस ना?"

आली का पंचाईत! फर्स्ट इयरची केमिस्ट्री केटी न लागता सुटली, एवढीच आमची त्या विषयातली कमाई.

पहिलंच समीकरण पाण्याचं. उजवीकडे एक ऑक्सिजन कमी पडत होता, म्हणून बाईसाहेबांनी पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनच्या खाली २ लिहून टाकला. हिशोब बरोबर! फक्त पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं. (आमच्याकडेही टेस्ट फेल झाली की कोडऐवजी टेस्टच बदलणारे महाभाग असतात, असो.) म्हटलं, सूत्राला हात लावायचा नाही, आकडा फक्त पुढे लिहायचा. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, दोन पाणी. मग तिची गाडी अशी काही सुटली, की म्हणाली, "आता अवघड दे."

मला एकच अवघड समीकरण पाठ आहे. ५ सोडियम क्लोराइट + ४ हायड्रोक्लोरिक आम्ल → ४ क्लोरीन डायऑक्साइड + ५ मीठ + २ पाणी. यात गंमत अशी, की पाचातला एक क्लोराइट चार इलेक्ट्रॉन घेतो आणि बाकीचे चार एकेक देतात. नुसते अंदाजाने आकडे टाकत बसलात तर तास जातो. तिला वीस मिनिटं लागली.

"हे तुला कसं काय पाठ?"

७ जून २०२१, सोमवार. पिरंगुटहून लवासाकडे जाताना उरवडे लागतं ना, तिथल्या कारखान्याला आग लागली. पाणी शुद्ध करायला वापरतात ते क्लोरीन डायऑक्साइड तिथे बनायचं. पंधराहून जास्त कामगार गेले, बहुतेक बायका. पिरंगुटच्या कंपन्यांत पॅकिंगला जाणाऱ्या बायका ताईच्या रोजच्या बघण्यातल्या, सकाळी डबा घेऊन फाट्यावर उभ्या असतात. मी तेव्हा घरूनच काम करत होतो. बातमी वाचली आणि त्या रात्री हे समीकरण शोधून काढलं. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. आग नक्की कशाने लागली ते या समीकरणातून कळत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

भाचीला एवढंच सांगितलं की सोडियम क्लोराइट स्वतः जळत नाही, पण शेजारी प्लास्टिक, कागद, कापड असेल तर त्यांच्या आगीला ऑक्सिजन पुरवतो. नुसता तापवला तरी फुटतो. त्याचं एक समीकरण लिहायला दिलं: सोडियम क्लोराइट → मीठ + ऑक्सिजन.

तिने दोन्हीकडे मोजलं. एक सोडियम, एक क्लोरीन, दोन ऑक्सिजन.

"मामा, यात काही करायचंच नाहीये. हे आधीच संतुलित आहे. आणि मीठ नि ऑक्सिजन तर किती साधं!"

"उजवीकडे 'अधिक उष्णता' लिही," मी म्हटलं.

तिने लिहिलं, आणि पेन तसंच धरून विचारलं, "उष्णतेच्या पुढे आकडा किती?"

दहावीला नसतं ते, असं सांगून मी ताईला चहा टाकायला सांगितला.