बायसन नको, बोकड बघा

तेरा वर्षं अमेरिकेत काढून कोथरूडला परतलेलं एक जोडपं मध्यंतरी माझ्याकडे आलं. यजमानांच्या हृदयात स्टेंट बसवलेली. "मॅडम, तिथे मी बायसन खायचो. चरबी कमी असते. पुण्यात कुठे मिळेल?" पत्नी शेजारी गप्प बसून होत्या.

बायसन म्हटलं की आम्हा पुणेकरांना ९ डिसेंबर २०२० आठवतो. त्या सकाळी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत गवा शिरला होता. लोक मागे धावले, जीव घेऊन तो पळत राहिला आणि अखेर पकडल्यावर मेला. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं. आपण गव्यालाच बायसन म्हणतो, पण अमेरिकेतला बायसन वेगळा प्राणी. तिथे तो मांसासाठी पाळतात. आपला गवा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार हा गुन्हा, म्हणून त्याच्या मांसाचा विषयच नको.

मी त्यांच्यापुढे अमेरिकी कृषी खात्याचा पोषणतक्ता ठेवला. बायसनच्या भाजलेल्या निव्वळ मांसात १०० ग्रॅमला १४३ कॅलरी, सुमारे २८ ग्रॅम प्रथिनं आणि अडीच ग्रॅमच्या आत चरबी. त्याच तक्त्यात बोकड पाहिला: १४३ कॅलरी, २७ ग्रॅम प्रथिनं, ३ ग्रॅम चरबी. लोह तर बोकडात किंचित जास्तच. जे हे गृहस्थ डेन्व्हरमध्ये महागात घेत होते, ते घराजवळच्या खाटकाकडे टांगलेलं होतं. ज्यांच्या घरी म्हशीचं मांस चालतं, त्यांच्यासाठी तेही असंच कमी चरबीचं. २०१५पासून राज्यात गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे, म्हशीला नाही.

शेळीची चरबी मुख्यतः पोटात, आतड्यांभोवती आणि गुर्द्याभोवती साठते, स्नायूंत फारशी मुरत नाही. बोरी-बाभळीचा पाला खात हिंडणारी उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी अंगाने सडसडीतच असते. मेंढीचं तसं नाही. म्हणून दुकानाची पाटी वाचा. पुण्यात 'बोल्हाईचे मटण' अशी पाटी दिसते, ते मेंढीचं. वाडे बोल्हाईच्या देवीचे भक्त शेळी-बोकड खात नाहीत, त्यांच्यासाठी ते वेगळं ठेवतात. ते खाणाऱ्यांनी आपली श्रद्धा माझ्या सांगण्यावरून मुळीच सोडू नये. मांडीचं घ्यावं आणि दिसेल तेवढी चरबी काढून टाकावी. बोकड घेतानाही 'मिक्स द्या' म्हणू नका. रान किंवा पुठ्ठा मागा. तराजूत चरबीचा गोळा पडला तर परत द्या. आपले पैसे आहेत, संकोच कसला?

एवढी निवड करून घरी आणलेलं मटण आपण तेलात बुडवतो, याचं मला खरोखर दुःख होतं. बोकडाच्या ३ ग्रॅम चरबीचं कौतुक तर्रीच्या दोन पळ्यांत संपतं. मी सांगते, आदल्या रात्री आलं, लसूण, हळद, मीठ लावून मटण शिजवा आणि गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी अळणी पाण्यावर पांढरा थर गोठलेला असतो. तो चमच्याने काढून टाका, मग फोडणी द्या. चौघांच्या रश्श्याला दोन मोठे चमचे तेल पुरतं. खोबरं वाटणात चवीपुरतं घ्या, कांदा भाजून घ्या. स्टेंट असलेल्यांनी आठवड्यातून एकदाच, शिजलेलं १०० ग्रॅमपर्यंत खावं; बाकी दिवस मासे, डाळी, मोडाची उसळ.

मग मी पत्नीकडे वळले. त्यांचा रिपोर्ट पर्समध्येच होता: हिमोग्लोबिन ९.२. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मटणातलं लोह शरीर सहज शोषतं, शिवाय सोबतच्या भाकरी-भाजीतलं लोहही जास्त शोषलं जातं.

"रविवारी तुमच्या ताटात किती फोडी येतात?" मी विचारलं.

त्या हसल्या. "रस्सा घेते ना मी. मुलांना आणि यांना आवडतं म्हणून..."

डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालूच ठेवायला सांगितल्या. यजमानांच्या आहारपत्रकावर तेल, वजन, वार सगळं लिहून झाल्यावर खाली एक ओळ लिहिली आणि त्यांनाच वाचायला लावली: रविवारी पहिलं ताट पत्नीचं वाढायचं, चार फोडी घालून.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, मग खिशातलं पेन काढून चाराचे पाच केले.