डफावरचा सवाल

‘ब्रह्म श्रेष्ठ की माया श्रेष्ठ?’ हा विषय आज एखाद्या निबंधस्पर्धेत दिला, तर निम्मे स्पर्धक छताकडे पाहत बसतील आणि उरलेले पाठ केलेली सुभाषिते कागदावर उतरवू लागतील. विषय मुलांना झेपणारा नाही, असे गुरुजीही म्हणतील. परंतु पेशवाईच्या काळी महाराष्ट्रातील गावोगावी याच विषयावर रात्र रात्र स्पर्धा चालत असे. आणि तिच्यात उतरणाऱ्या पुष्कळांनी पाठशाळेचा उंबरठाही ओलांडलेला नसे. या स्पर्धेचे नाव कलगी-तुरा.

कलगी आणि तुरा हे दोन्ही पागोट्यात खोवण्याचे अलंकार. कलगीवाले शाहीर शक्तीला, म्हणजेच मायेला किंवा प्रकृतीला, श्रेष्ठ मानीत. तुरेवाले शिवाला, म्हणजेच ब्रह्माला किंवा पुरुषाला. ही नावे कशी पडली, याविषयी राजस्थानाकडे एक आख्यायिका सांगतात. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांच्यात असाच वाद रंगला, तेव्हा चंदेरीच्या राजाने प्रसन्न होऊन एकाला तुरा आणि दुसऱ्याला कलगी दिली. आख्यायिकेत इतिहास किती, ते सोडून देऊ. राजाने बक्षीस दोघांनाही दिले, एवढे मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दोन फड समोरासमोर बसत. डफ, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीवर प्रथम गण गाइला जाई. मग एक शाहीर कवनातून सवाल टाकी. प्रतिपक्षाने त्याचा जवाब कवनातूनच द्यावयाचा, आणि लागलीच आपला सवाल पुढे करावयाचा. अशा कूट रचनांना भेदिक कवने म्हणत. भेद म्हणजे आत दडलेले मर्म. ते ओळखले नाही, तर गळा कितीही गोड असला तरी उपयोग नसे. परीक्षक म्हणून कोणी वेगळे नसत. मैदानात घोंगड्या पसरून बसलेले शेतकरी हेच परीक्षक, आणि ते सहजासहजी माना डोलावणारे नव्हते.

वाद कसा चाले, त्याचा एक मासला पाहा. कलगीवाल्याच्या हाती एक जुनी युक्ती असे. तो म्हणे, ‘शिव’ या शब्दातील इकार म्हणजे शक्ती; तो काढून घ्या, मागे ‘शव’ उरते. शक्तीवाचून तुमचा देव प्रेतासारखा! सभा खूश होऊन जाई. आता तुरेवाल्याने काय करावे? त्याने रागावून भागत नाही, ‘माझे गुरू असे सांगतात’ म्हणूनही भागत नाही. त्याला असे म्हणता येईल, की वेलांटी द्यावयाची तर आधी ‘श’ हवा. नुसती वेलांटी कोणत्या आधारावर उभी राहणार? यावर कलगीवाला विचारील, की तो ‘श’ तरी उच्चारतो कोण? उच्चारण्याची शक्तीच ना? एवढा गहन विषय, पण तो एका वेलांटीवर तोलला गेला, आणि नांगर धरणाऱ्या माणसालाही त्यात रस वाटला. निबंधाच्या विषयाला घाबरणाऱ्या मुलांनी या वेलांटीकडे अवश्य पाहावे.

शाहिराला आपला पक्ष बहुधा गुरुपरंपरेने मिळे. मनास येईल तो पक्ष घ्यावा, अशी सोय नसे. त्यामुळे समोरच्याचे शास्त्रही त्याला आपल्या शास्त्राइतकेच पाठ ठेवावे लागे. हे ज्ञान कोणा एका जातीचेही राहिले नाही. त्या काळच्या नामांकित शाहिरांत होनाजी गवळी होता, परशराम शिंपी होता आणि सगनभाऊ मुसलमान शिकलगार होता.

ज्यांच्या घरी पोथ्यांचे ज्ञान होते, त्यांना मात्र डफ हलका वाटे. सोलापुरात १७६२ च्या सुमारास जन्मलेल्या राम जोशी याची कथा याच कारणाने सांगण्यासारखी आहे. घराणे वैदिकाचे; थोरले बंधू मुद्गल शास्त्री आणि पुराणिक. धाकट्या रामाला मात्र धोंडी शाहिराच्या फडाचे वेड. तो त्याला कवने रचून देऊ लागला. जोशांच्या घरचा मुलगा तमाशात बसतो, ही गोष्ट बंधूंना सोसवली नाही आणि त्यांनी त्याला घराबाहेर काढले, असे सांगतात. राम पंढरपुरास गेला आणि तेथे त्याने संस्कृताचे अध्ययन केले. एवढी विद्या मिळाल्यावर त्याने लावणी टाकून द्यावी, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. त्याने उलट केले. नरदेहाचे मोल, वैराग्य, ढोंगी साधूंचा धिक्कार हे कीर्तनात शोभणारे विषय त्याने ढोलकीच्या ठेक्यात बसवले. बारामतीच्या मोरोपंतांसारख्या पंडित कवीनेही त्याची योग्यता ओळखली, आणि पुढे राम जोशी याने पंतांच्या आर्या आपल्या कीर्तनांतून लोकांच्या तोंडी केल्या. घराने नाकारलेल्या या मुलाच्या नावावर १९४७ साली चित्रपट निघाला. मुद्गलशास्त्र्यांचे नाव आज निघते, ते याचे थोरले बंधू म्हणूनच.

कोणी म्हणेल, या वादाचा निकाल तर केव्हाच लागला होता. सांख्यशास्त्राने पुरुषाला पांगळा आणि प्रकृतीला आंधळी म्हटले होते. पांगळा आंधळीच्या खांद्यावर बसतो, तेव्हाच वाट सरते. ज्ञानेश्वरांनी तेराव्या शतकात ‘अमृतानुभवा’च्या पहिल्याच प्रकरणात शिव आणि शक्ती वेगळी काढताच येत नाहीत, असे सांगितले. शाहिरांनाही हे ठाऊक नव्हते असे नाही. तरीही ते भांडत राहिले; कारण ग्रंथातला निकाल ग्रंथकाराने मिळवलेला असतो, आणि मैदानातला सवाल आपल्या तोंडावर येऊन आदळतो.

कोकणात रत्नागिरीकडे या स्पर्धेला शक्ती-तुरा म्हणतात. तेथे आणि मुंबईस राहणाऱ्या कोकणवासीयांत तिचे सामने आजही होतात. पायांत चाळ बांधलेली मुले शाहिराभोवती फेर धरतात. तुरेवाला सवाल टाकतो, शक्तीवाला क्षणभर थांबतो, आणि मग ढोलकीवर थाप पडते.