जेवणाच्या टेबलावरची असई

माझ्या वयाच्या माणसाने दिवाळीत काय करावे, याबद्दल आमच्या घरात दोन मते आहेत. हिचे मत असे की, त्याने पहाटे उठून अभ्यंगस्नान करावे, फराळाला बरे म्हणावे आणि दुपारी गुपचूप झोपावे. माझे मत असे की, त्याने लढाई करावी. गेली तीन वर्षे मी दर दिवाळीत लढाई करतो. आमच्या केजच्या घरात जेवणाचे एकुलते एक टेबल आहे. त्यावरच मला लढायचे असते आणि नेमके तेव्हाच हिला शंकरपाळी लाटायला ते हवे असते. त्यामुळे पहिली चकमक तिथेच झडते. तीत मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही. तहावर निभावून नेतो. लक्ष्मीपूजनापर्यंत फराळ आणि पाडव्यापासून रणांगण, असा आमचा सध्याचा तह आहे.

या नादाचे मूळ पुण्याला आहे. तीन वर्षांपूर्वी माझा नातू दिवाळीच्या सुटीत आला तो एक खोके काखोटीला मारूनच. खोक्यात सव्वादोन इंच उंचीचे शिपाई होते. तांबड्या डगल्यांतले इंग्रज, निळ्या डगल्यांतले फ्रेंच, दोन घोडेस्वार आणि हात कोटाच्या आत घालून उभा असलेला नेपोलियन. पुण्याकडची मुले दिवाळीत मातीचा किल्ला करतात हे मला ठाऊक होते. पण हा पठ्ठ्या किल्ला सोडून थेट वॉटर्लूवर उतरला होता. त्याने मला वेलिंग्टन केले, आपण नेपोलियन झाला आणि अर्ध्या तासात माझी दाणादाण उडवून दिली. इतिहासात १८ जून १८१५ रोजी उलटे घडले होते, हे मी त्याला सांगून पाहिले. त्याने लक्ष दिले नाही.

खेळ मात्र मला चावला. पुढे वाचनात आले की, या खेळाला मोठमोठी माणसे नादावली होती. विज्ञानकथा लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सने तर १९१३ साली त्यावर पुस्तकच लिहिले. हा थोर गृहस्थ जमिनीवर पालथा पडून स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळ्या उडवी आणि शिशाचे शिपाई पाडी. त्याचे म्हणणे असे की, ज्याने एकदा ही खेळण्यांची लढाई लढून पाहिली, त्याला खऱ्या लढाईतला मूर्खपणा कळतो. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. म्हणजे ज्यांनी ते पुस्तक वाचायला हवे होते त्यांनी ते वाचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी नातवाला म्हणालो, “तुझा हा वेलिंग्टन आपल्याकडे येऊन गेलाय बरं का.”

“केजला?”

“केजला नाही. पण आपल्या मराठवाड्यात. सकाळच्या एस.टी.ने निघालं तर दिवस मावळायच्या आत पोचू, इतक्या जवळ.”

तेव्हा तो वेलिंग्टन झाला नव्हता. नुसता आर्थर वेलस्ली होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आताच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावापाशी, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी त्याची गाठ पडली. म्हातारपणी त्याला कुणी विचारले की, रणांगणावर तुम्ही केलेली सर्वांत चांगली कामगिरी कोणती. तेव्हा त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले, असे सांगतात. नातवाचे डोळे मोठे झाले. वॉटर्लू तिथल्या तिथे खोक्यात गेली.

आता प्रश्न मराठी फौजेचा. तो सोडवला आमच्या कुंभाराने. हा माणूस पोळ्याला मातीचे बैल करतो, आणि उत्तम करतो. मी त्याला शिपाई सांगितले. त्याने आठ दिवसांत साठ शिपाई करून दिले. पण त्याच्या हाताला बैलाचे वळण पडलेले असल्यामुळे प्रत्येकाचे पाय खांबासारखे आणि मान आखूड झाली. शिवाय एकेक गडी वीतभर उंच. नातू म्हणाला, “आजोबा, स्केल चुकलंय.” मी म्हणालो, “असू दे. निदान उंचीत तरी आपण भारी.”

त्याला ढाल-तलवारीचे मावळे हवे होते. पण असईला शिंद्यांचा भरवसा होता तो कंपूंवर. महादजी शिंद्यांनी द बॉइन नावाच्या सरदाराकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या, त्यांना आपले लोक कंपू म्हणत. असईला या कंपूंचा सेनापती पोलमन नावाचा जर्मन होता. कवायती पायदळ दहा हजारांवर, घोडदळ त्याच्या कितीतरी पट आणि तोफा शंभराच्या आसपास. समोर वेलस्लीची सारी फौज दहा हजारांच्या आत. तीतही गोरे थोडे, बाकी मद्रासकडचे शिपाई, म्हैसूरचे स्वार आणि— हे सांगताना मी जरा घुटमळलो— पेशव्यांचेही स्वार. कारण १८०२ च्या अखेरीस वसईचा तह होऊन बाजीराव इंग्रजांच्या पंखाखाली गेला होता, आणि निजाम त्याच्याही आधी.

“मग यातले आपले कोणते?” नातवाने विचारले.

मी चष्मा पुसू लागलो. शेवटी कुंभाराने केलेले ते आपले, असे ठरले.

हिच्या जुन्या साडीचे निळे काठ कापून मी टेबलावर दोन नद्या केल्या. त्यांच्या दुआबात आपली फौज. असई गावासाठी पितळेचा डबा, बाकीची गावे काडेपेट्यांची. दोऱ्याच्या रिळांच्या बारा तोफा. तोफगोळे म्हणून चिंचोके, ते बोटाच्या टिचकीने मारायचे. चिंचोका लागून पडेल तो मेला. हातघाईला सारीपाटाच्या कवड्या टाकायच्या.

पहिली दोन वर्षे असईची लढाई आम्ही जिंकलो. कशी जिंकलो ते आता कबूल करायला हरकत नाही. कैलना नदी ओलांडल्याशिवाय वेलस्लीला आपल्यावर येता येत नव्हते, आणि ती तो कुठे ओलांडणार हे मला पुस्तक वाचून ठाऊक होते. मी तिथे आधीच आठ तोफा मांडून ठेवी. बिचारा वेलस्ली साडीच्या काठातच बुडून मरे. नातू आरोळी ठोके आणि ही आतून विचारी, “झालं का? टेबल मोकळं करा.”

यंदा आमच्यात तिसरा गडी आला. शेजारच्या आजींचा नातू, वय वर्षे अकरा. त्याचे आईबाप दसरा होताच ऊसतोडीला गेले. आमच्या बीड जिल्ह्यात हे नवे नाही. दसरा-दिवाळी आली की ट्रक भरभरून माणसे कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. शाळा बुडू नये म्हणून याला आजीजवळ ठेवलेला. तो दोन दिवस आमच्या दारात उभा राहून पाहत होता. तिसऱ्या दिवशी मी त्याला तोफखान्यावर नेमले.

मी वेलस्लीची गोष्ट सांगत होतो. “वाटाड्यांनी त्याला सांगितलं, पुढं नदीला उतार नाही. पण त्यानं काय पाहिलं, नदीच्या अलीकडे एक गाव आहे आणि बरोबर समोर पलीकडेही एक गाव आहे...”

“मग उतार असंलच की, गुर्जी,” तोफखाना म्हणाला.

“कशावरून?”

“समोरासमोर गावं हायेत अन् उतार कामून नसंल? येणं-जाणं नसंल का त्यांचं? सोयरिकी नसतील?”

पुढे ज्याने नेपोलियनला हरवले त्याने तरी दुसरा कोणता तर्क केला होता? मी गप्प झालो. आणि का कोण जाणे, त्या पोरासमोर उतारावर तोफा मांडायची मला लाज वाटली. यंदा लढाई जशी झाली तशीच लढायची, असे मी जाहीर केले.

वेलस्ली उतरला. पोलमनने आपली सगळी रांग फिरवून त्याच्या तोंडावर उभी केली. एवढ्या मोठ्या फौजेला हे जमेल असे वेलस्लीला वाटले नव्हते. मग आपल्या तोफा सुरू झाल्या. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैलच मारले गेले, तोफा जागच्या जागी राहिल्या. डब्याच्या, म्हणजे असईच्या बाजूला गोऱ्यांची एक पलटण चुकून फार जवळ गेली, ती जवळजवळ संपली. आमच्या तोफखान्याची टिचकी अचूक होती. नातवाचे तांबडे डगले टपाटपा पडत होते. पण उरलेले चालतच राहिले, तोफांवर येऊन भिडले. कवड्या नातवाच्या बाजूने पडल्या. तोफखान्याने आपले सगळे गोलंदाज आडवे केले. (गोलंदाज हा शब्द क्रिकेटवाल्यांनी नेण्यापूर्वी तोफवाल्यांचा होता, हे दोघांनाही खोटे वाटले.)

“आता ऐका,” मी म्हणालो, “यातले पुष्कळ जण मेलेच नव्हते. मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले होते. इंग्रजांची रांग त्यांच्यावरून पुढं गेली, तसे ते उठले, तोफा फिरवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला.”

तोफखान्याने आनंदाने किंकाळीच फोडली. भराभर खांबपायी गोलंदाज उभे राहिले आणि चिंचोके सुटले. “चीटिंग! मेलेले कसे उठतात?” नातू ओरडला. मी पंच या नात्याने निकाल दिला की, हे इतिहासाला धरून आहे.

“मग?” तोफखान्याने विचारले.

इथे थांबता आले असते. हिने हाक मारली असती तर मी थांबलोही असतो. पण हिने हाक मारली नाही.

“मग वेलस्ली स्वतः मागं फिरला. त्याचा घोडा भाल्यानं जखमी झाला. पण तोफा त्यानं परत घेतल्या. या खेपेला ते खरंच मेले.”

पोराने माझ्याकडे पाहिले, आणि आपल्या हाताने एकेक गोलंदाज तोफेजवळ आडवा ठेवला. पाडला नाही, ठेवला. मग म्हणाला, “किती होते हो, गुर्जी?”

मी पुस्तक काढले. इंग्रजांचे मेले ४२८, जखमी हजारावर. आपल्या तोफा त्यांच्या हाती लागल्या त्या ९८. आणि आपली माणसे? मेलेली-जखमी मिळून सहा हजार असावीत, असा अंदाज.

“अंदाज कामून? तोफा तर मोजल्यात.”

तोफा मोजल्या, गोलंदाज मोजले नाहीत. पन्नास वर्षे मी असईविषयी वाचत आलो. हे त्या पानावरच छापलेले होते, आणि ते मला कधी टोचले नव्हते. त्याला टोचले. कदाचित त्याच्या घरात मोजणी कशी होते ते त्याला ठाऊक असेल. मुकादमाच्या वहीत नवराबायकोची मिळून नोंद असते एक कोयता. दोन माणसे, एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब टनावर होतो.

“अन् त्यांच्या घरी कसं कळलं असंल?” त्याने विचारले.

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेवढ्यात हिची हाक आली, आणि जन्मात पहिल्यांदा ती मला गोड वाटली.

नातवाने आपले सैन्य मोजून खोक्यात भरले. एकही कमी नव्हता. खेळण्यातल्या लढाईचे हेच सुख. मी तोफखान्याला म्हणालो, “तुझे गोलंदाज तू घेऊन जा.” दिवेलागणीला मी त्यांच्या अंगणाशी गेलो तेव्हा ते बारा जण कोनाड्यात पणतीजवळ ओळीने उभे होते. आजींनी त्यांना कुंकूही लावले होते. मातीची मूर्ती दिसली की कुंकू लावायचे, एवढाच त्यांचा शिरस्ता.

पोरगा फोनवर बोलत होता. पलीकडे कुठल्याशा कारखान्याच्या तळावर, कोपीत, त्याचा बाप होता.

“न्हाई, हारलो आमी,” तो सांगत होता. “पर माझे समदे तोफंपाशीच व्हते. बारा हायेत. म्या मोजून ठिवलेत.”