मागच्या बाजूचं मेटल

डीप पर्पलच्या ‘मशीन हेड’वर एक गाणं नाही. माझ्या डोक्यात सध्या तेवढंच वाजतंय, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

‘मशीन हेड’ म्हणजे ‘हायवे स्टार’, ‘मशीन हेड’ म्हणजे ‘स्मोक ऑन द वॉटर’. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना कॅसिनो जळून खाक झाला आणि पर्पलवाल्यांनी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात आपला संसार मांडला. इथपर्यंतची गोष्ट रॉक ऐकणाऱ्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा. पण त्याच हॉटेलात, त्याच दिवसांत त्यांनी ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ नावाचं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं, गिटारवाल्या रिची ब्लॅकमोरला ते पसंत पडलं नाही, म्हणून ते अल्बमातून गळलं आणि १९७२ साली ‘नेव्हर बिफोर’ या सिंगलच्या मागच्या बाजूवर जाऊन बसलं, हे मला कळलं ते मेळघाटातल्या सेमाडोहला! वाघांच्या मुलखात, सिपना नदीच्या काठी, मोबाईलला एकही दांडी नसताना!

मी गेलो होतो रानपिंगळ्यासाठी. शंभराहून जास्त वर्षं कोणाला न दिसलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही दिसत राहिला, हे वाचल्यापासून डोक्यात किडा होता. परतवाड्याहून घटांगमार्गे घाट चढून उतरलो. पावसाळा नुकताच सरला होता, सागाची पानं ताटाएवढी झाली होती, नदी भरून वाहत होती. पिंगळा काही दिसला नाही. मुक्काम कॉलेजातल्या एका मित्राकडे. तो इथे शाळेवर मास्तर आहे, सगळं गाव त्याला सर म्हणतं, मी अर्थातच म्हणत नाही. जेवणं झाली, मी सवयीने फोन वर-खाली करून रेंज शोधत होतो, तर तो म्हणाला, “काहून हालवून राह्यला बे तो फोन? नाई येत इथं टावर. हे घे, एक कान तुले, एक मले. आन् मधात बोलू नोको.”

लॅपटॉपवर एक फोल्डर. नाव : ‘मागची बाजू’.

बाहेर जंगल झोपलेलं, तेव्हा स्पीकर लावायचा प्रश्नच नव्हता. इअरफोनच्या एका वायरीवर दोन पन्नाशीकडे झुकलेले पुरुष डोक्याला डोकं लावून बसले. आणि जॉन लॉर्डचा ऑर्गन असा हळूच आत आला की मला वाटलं, याने चुकून दुसऱ्याच कोणाचं लावलं. हा तोच लॉर्ड, जो ‘हायवे स्टार’मध्ये ऑर्गनच्या चिंधड्या उडवतो? इयन गिलन, ज्याच्या किंकाळ्यांनी आमच्या हॉस्टेलच्या खिडक्या थरथरायच्या, तो इथे जवळजवळ स्वतःशी बोलल्यासारखा गातो. आणि मग गिटारचा सोलो. ज्याला गाणं आवडलं नाही त्याच ब्लॅकमोरचा! नावडत्या गाण्यात माणूस एवढं देऊन जातो? ब्लॅकमोर बँडमध्ये होता तोवर हे गाणं मंचावर क्वचितच आलं, तो गेल्यावर ते नेहमीचं झालं. आणि सगळ्यांत मोठा धक्का : एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल मुंबईत वाजले, त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण पुढे ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाने निघालं, त्यात हे गाणं आहे. म्हणजे आपल्या मुंबईत हे वाजलं होतं! मी तेव्हा अमरावतीत काय करत होतो?

आता थोडं समजावून सांगतो, कारण मला स्वतःला हे नीट उमगलं ते त्या रात्रीच. आपल्याकडे मेटल आलं ते अल्बमच्या कॅसेटवर, त्यातही बहुतेक वेळा कोणाच्या तरी कॅसेटवरून भरून घेतलेल्या कॅसेटवर. तिकडे मात्र अल्बमच्या आधी एक छोटा तवा निघायचा, सात इंची, पंचेचाळीस फेऱ्यांचा. पुढच्या बाजूला रेडिओवर वाजावं असं गाणं. तव्याला मागची बाजू असतेच, ती कोरी ठेवता येत नाही, म्हणून तिथे काहीतरी घालायचं. त्या ‘काहीतरी’वर कंपनीचं फारसं लक्ष नसायचं, आणि मजा सगळी तिथेच आहे! लक्ष नाही म्हटल्यावर ही चामड्याची जाकिटं घातलेली, कवट्या-सैतान मिरवणारी मंडळी एकदम घरच्या कपड्यांत येतात. थट्टा करतात, हळवी होतात, आणि लहानपणी ज्यांच्यामुळे वेड लागलं त्या बँडांची गाणी वाजवून घेतात.

आयर्न मेडनच घ्या. ‘द ट्रूपर’ (१९८३) उलटा करा, मागे जेथ्रो टलचं ‘क्रॉस-आइड मेरी’! बासरी वाजवणाऱ्या बँडचं गाणं, मेडनच्या घोडदौडीत! ‘वेस्टेड इयर्स’च्या मागे ‘रीच आउट’, आणि ते गातो चक्क गिटारवाला एड्रियन स्मिथ; एरवी आभाळ फाडणारा ब्रूस डिकिन्सन मागे साथीला. आणि ‘टू मिनिट्स टू मिडनाइट’च्या बारा इंची तव्यावर तर एका जागी गाणंच नाही, भांडण आहे. खरंखुरं भांडण! कार्यक्रमात स्टीव्ह हॅरिसचा बेस बिघडला, त्याने एका कामगाराला निरोप देऊन पिटाळलं की ड्रमरला सोलो लांबवायला सांग, ड्रमर निको मॅकब्रेन त्या बिचाऱ्यावरच खेकसला, मग कार्यक्रम संपल्यावर दोघांची जुंपली. डिकिन्सनने हे गुपचूप टेप केलं आणि बँडने ते तव्यावर छापलं! नाव ‘मिशन फ्रॉम ॲरी’. आम्ही दोघं तोंडावर हात दाबून हसत होतो, कारण पलीकडच्या खोलीत त्याच्या घरचे झोपलेले.

‘टोटल इक्लिप्स’ची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. १९८२. मेडनला ‘रन टू द हिल्स’ हे सिंगल अल्बमच्या आधी बाजारात आणायचं होतं, त्यामुळे मागे कोणतं गाणं टाकायचं ते घाईत ठरलं. ‘टोटल इक्लिप्स’ मागे गेलं, ‘गँगलँड’ ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ या अल्बमवर राहिलं. निवड चुकली हे पुढे खुद्द हॅरिसनेच कबूल केलं. अल्बमला चाळीस वर्षं झाली तेव्हा, २०२२ मध्ये, तव्याच्या नव्या आवृत्तीत ‘गँगलँड’ काढून तिथे ‘टोटल इक्लिप्स’ बसवलं. चाळीस वर्षांनी न्याय! आपल्या कोर्टांच्या मानाने वेळेतच म्हणायचा. मित्राने गाणं संपताच पुन्हा सुरुवातीला नेलं. हा गडी २००८ साली बडनेऱ्याहून रेल्वेत बसून मेडनच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यक्रमाला गेला होता, त्याचा शब्द मी मोडत नाही.

मग त्याने एक वही काढली. कोणत्या गाण्याच्या मागे कोणतं, साल कोणतं, निळ्या शाईत सुवाच्य, मास्तरी अक्षरात. पहिल्या ओळीवर ब्लॅक सॅबथ. जानेवारी १९७०, त्यांचं पहिलंच सिंगल, पुढे ‘ईव्हिल वुमन’ आणि ते मुळात क्रो नावाच्या अमेरिकन बँडचं, म्हणजे उसनं. स्वतःचं ‘विकेड वर्ल्ड’ मागे. जो बँड पुढे सगळ्या मेटलचं मूळपीठ ठरला, त्याचा स्वतःचा आवाज पहिल्यांदा तव्यावर आला तो मागच्या बाजूने! मी ते वाचून उठून उभाच राहिलो. इअरफोन निघाला, शिव्या खाल्ल्या.

आणि शेवटी मेटालिका. ‘क्रीपिंग डेथ’, १९८४, मागे दोन गाणी. एक डायमंड हेडचं ‘ॲम आय ईव्हिल’. ड्रमर लार्स उलरिक सतरा वर्षांचा असताना, १९८१ मध्ये, या बँडला बघायला अमेरिकेहून थेट इंग्लंडला गेला आणि त्यांच्याकडेच मुक्काम ठोकून राहिला. हे पोर पुढे त्यांच्यापेक्षा किती तरी मोठं झालं आणि मागच्या बाजूवर त्यांना घेऊन आलं. दुसरं ‘ब्लिट्झक्रिग’, त्याच नावाच्या बँडचं. मित्र म्हणाला, “आता वहीत पाय, हे मुळात कोठं होतं.” पाहिलं. १९८१, नीट रेकॉर्ड्स, ‘बरीड अलाइव्ह’ या सिंगलची मागची बाजू. म्हणजे एका पोरानं मागच्या बाजूवरचं गाणं ऐकलं, त्याला वेड लागलं, आणि संधी मिळताच ते त्याने स्वतःच्या तव्याच्या मागच्या बाजूवर टाकलं! पुढून पुढे गाणी जातात हे ठाऊक होतं, मागून मागे जाणारी अशी एक चोरवाट आहे याचा पत्ताच नव्हता.

रेंज असती तर यातलं काही झालं नसतं, हे मला अगदी स्पष्ट दिसतं. अर्ध्या मिनिटात मी पुढचं गाणं लावलं असतं, नाहीतर पर्पलचं नाव दिसताच ‘हायवे स्टार’वर उडी मारली असती. सेमाडोहला उडी मारायला जागाच नव्हती. फोल्डरमध्ये जे होतं ते, ज्या क्रमाने मित्राने लावलं त्या क्रमाने, पूर्ण.

अमरावतीला आल्यापासून घरचे वैतागलेत. मी आता कोणतंही जुनं सिंगल निघालं की आधी पलटतो. ओझीच्या ‘बार्क ॲट द मून’च्या मागच्या गाण्याचं नावच ‘वन अप द बी साइड’ आहे, हा पठ्ठ्या तर उघड उघड सांगूनच मोकळा! मोटरहेडच्या ‘बॉम्बर’च्या मागचं ‘ओव्हर द टॉप’ काल रात्री ऐकलं, १९७९, लेमीचा बेस भिंतीतून आल्यासारखा. ‘एस ऑफ स्पेड्स’च्या मागचं ‘डर्टी लव्ह’ आज ऐकणार. तुम्ही सुरू करणार असाल तर माझं ऐका : आधी ‘विकेड वर्ल्ड’, मग ‘टोटल इक्लिप्स’, मग दोन्ही ‘ब्लिट्झक्रिग’ पाठोपाठ, आधी मूळ आणि नंतर मेटालिकाचं. ‘ब्लाइंड मॅन’ सगळ्यांत शेवटी. फोन विमान मोडवर टाकून.